पाच पैसे, बनगाव आणि मुलचेरा

वाद 1971 वरून पेटला. दिनूचं म्हणणं ठाम होतं. "नऊ महिन्यांत एक कोटी माणसं पूर्व पाकिस्तानातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून आली आणि आपण सीमा बंद केली नाही. एवढं केलेला दुसरा देश सांग."

"नोंद झालेले सुमारे 99 लाख," शरदराव म्हणाले. "त्यातले 31 लाख नातेवाइकांकडे नाहीतर ओळखीपाळखीच्यांकडे राहिले, बाकीचे छावण्यांत. त्रिपुराचंच बघ. राज्याची लोकसंख्या साडेपंधरा लाख, आणि आलेले निर्वासित 14 लाख. घरात जेवढी माणसं, जवळजवळ तेवढेच पाहुणे."

"आणि खर्च एकट्या बंगाल-त्रिपुराच्या गळ्यात नाही मारला," दिनू म्हणाला. " 15 नोव्हेंबरपासून टपालावर 5 पैसे जादा कर बसला. नवं तिकीट तयार नव्हतं, तर कुटुंब नियोजनाच्या 5 पैशांच्या तिकिटावरच 'शरणार्थी सहायता' असं छापून काम भागवलं. खास तिकीट डिसेंबरात आलं. मार्च 1973 पर्यंत हा कर चालू होता. रत्नागिरीहून चिपळूणला पत्र टाकणाऱ्यानंसुद्धा तो भरलाय."

सुनंदाताईंना हे पुरेसं वाटेना. "कर भरला म्हणजे माणसं सांभाळली असं होत नाही, दिनू. कलकत्त्याच्या सॉल्ट लेकमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं सिमेंटच्या मोठ्या पाइपांत राहत होती. त्यात पावसाळा आला, प्यायचं पाणी आणि मैला एक झाला, आणि कॉलरा पसरला. त्यातून माणसं वाचली कशी, ते बोल."

मग त्याच बोलू लागल्या. सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात दोन खोल्या, आणि जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही इतके रुग्ण. शिरेतून सलाइन द्यायचं तर त्या घाणीतच गुडघे टेकून बसायचं. सलाइन संपत आलेलं, आणि ते लावता येणारी माणसं पथकात दोनच. पथकाचे प्रमुख डॉ. दिलीप महालनोबिस यांनी तेव्हा तोंडानं द्यायच्या पाण्यावर भर दिला. एका लिटरला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा. कलकत्त्यात हे मिश्रण मोजून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचं, इस्त्रीनं पिशवीचं तोंड बंद करायचं आणि बनगावला न्यायचं. तिथे ते ड्रममधल्या पाण्यात विरघळवायचं, आणि रुग्णाच्या घरच्यांनीच पेल्यानं थोडं थोडं पाजत राहायचं.

"नुसतं मीठ-पाणी का नाही दिलं?" दिनूनं विचारलं.

"आतड्यातून मीठ आत ओढायला साखर लागते, आणि मिठामागून पाणी जातं. कॉलऱ्यातही हा रस्ता बंद होत नाही. साखर जास्त झाली तर उलटे जुलाब वाढतात, मीठ जास्त झालं तर लहान मुलाच्या जिवावर बेततं. म्हणून चिमटीचा अंदाज नको, वजन करूनच. रुग्ण बेशुद्ध असेल तर मात्र सलाइनला पर्याय नाही. मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं, ते 4 टक्क्यांच्या आत आलं. पुढे सोड्याची जागा सायट्रेट या दुसऱ्या क्षारानं घेतली, कारण दमट हवेत सोड्याची पाकिटं टिकत नव्हती. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती वाटते सांगू? औषध निर्वासितांच्याच हातात दिलं. आयांनी, भावांनी आपली माणसं वाचवली."

शरदराव इतका वेळ ऐकत होते. "हे सगळं खरं. पण दार उघडं राहिलं त्याचं एक कारण तुम्ही दोघंही सोडताय. ही माणसं परत जाणार, हे सरकार पहिल्यापासून सांगत होतं. छावण्यांची आखणी त्याच हिशेबानं झाली, आणि मार्च 1972 पर्यंत बहुतेक सगळे परतलेही. जे राहायला म्हणून आले त्यांचं काय झालं ते बघायला बंगाललाही जायला नको, गडचिरोलीत जा."

"तिथल्यांना जमिनी दिल्या की!"

"दिल्या. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली ही कुटुंबं चामोर्शी, मुलचेऱ्याकडे वसवली. बंगालीत शिकवणाऱ्या शाळाही निघाल्या. पण त्यात नमःशूद्र जातीचे बरेच आहेत. पश्चिम बंगालमध्ये ती अनुसूचित जात आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. म्हणजे सरकारनंच इथे आणून बसवलं, आणि त्यांच्या पोरांना जातीचा दाखला मिळत नाही. भाऊबंद बंगालमध्ये राहिला त्याला सवलत, हा इथे आला म्हणून याला नाही."

"म्हणून 1971 चं मोल कमी करायचं का?" दिनू चिडलाच.

"मुळीच नाही. पण ते सरकारच्या त्या वेळच्या निर्णयावर चाललं. संयुक्त राष्ट्रांच्या 1951 च्या निर्वासित करारावर आपण आजही सही केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आले त्यांना एक वागणूक, श्रीलंकेच्या तमिळांना दुसरी, रोहिंग्यांना तिसरी. आलेल्याला काय मिळणार हे दिल्लीत त्या वेळी कोण बसलंय आणि तो कुठल्या देशातून आलाय, त्यावर ठरतं."

दिनूला हे पटलं नाही. कायदा असता तर 1971 साली कागदपत्रं तपासण्यातच पावसाळा गेला असता, असं त्याचं म्हणणं. सुनंदाताई म्हणाल्या, जीव वाचवायला कायदा लागला नाही हे कबूल, पण मुलचेऱ्यातल्या पोराचा दाखला यादीत नाव घातल्याशिवाय निघणार नाही, आणि ती यादी संसदेतच बदलावी लागते.