आठ टायरांची गाडी

"एका गाडीला आठ टायर? ट्रक घेतलायस का?"

बाबांनी वाई-पाचगणी रस्त्यावर पंचवीस वर्षं वडापची जीप चालवली. भर पावसात पसरणी घाट, बारा माणसं आत आणि दोन मागे लोंबकळत. त्यांच्या लेखी टायर दोन प्रकारचे: बरा आणि गोटा झालेला. गोटा झालेलाही रिमोल्ड करून आणला की पुन्हा बरा. अशा माणसाला मॉन्ट्रियलमध्ये उन्हाळ्याचे चार आणि हिवाळ्याचे चार टायर लागतात हे व्हिडिओ कॉलवर पटवायचं म्हणजे माझीच परीक्षा.

"थंडी पडली की चपला बदलतोस का?"

"बदलतो."

ते गप्प झाले. पटलेलं मात्र नव्हतं.

क्यूबेकात, म्हणजे मॉन्ट्रियल आहे त्या कॅनडाच्या प्रांतात, हा हौसेचा मामला नाही. 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे, नसले तर 200 ते 300 डॉलर दंड. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र लागतं. माझ्या गाडीच्या टायरांवर नुसतंच 'ऑल सीझन' लिहिलं होतं. ते लिहिणाऱ्याच्या गावात बहुधा तीनच ऋतू असावेत. पारा साधारण 7 अंशांच्या खाली गेला की हे रबर कडक व्हायला लागतं. उणे 20 मध्ये तर फ्रिजमधली परवाची भाकरी.

तेव्हा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी एक्सेल उघडलं. इथून घसरगुंडी सुरू झाली.

आपल्याकडे हिमालयात पडतो तोही बर्फ आणि उसाच्या रसात पडतो तोही बर्फ. टायरला असं मोघम बोललेलं चालत नाही. भुसभुशीत बर्फात खोल खाचांचा टायर हवा, कारण खाचांत बर्फ गच्च बसतो आणि बर्फाला बर्फ धरतो. गोठून काच झालेल्या रस्त्याची तऱ्हा वेगळी. तिथे वर पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा असतो, गाडी घसरते ती त्याच्यावरून. तो पुसायला रबराला बारीक चिरा लागतात. भरल्या वांग्याला देतो तशा नव्हेत, काकडी चोचवतात तेवढ्या बारीक. झालं काय, की भुसभुशीत बर्फात पहिला आलेला टायर काचेवर पाचवा. मग कोरड्या रस्त्यावरचा ब्रेक, आवाज, पेट्रोल, किंमत. रकाने एकोणीस झाले.

ब्लिझॅक नावाच्या टायरच्या रबरात म्हणे सूक्ष्म छिद्रं असतात. अनारशाची जाळी डोळ्यांसमोर आली आणि मी त्याला अर्धा गुण उगीचच वाढवून दिला. मग फिनलंडचा हाक्कापेलिट्टा. हे नाव तिथल्या सतराव्या शतकातल्या घोडदळाचं, आणि ते आलं त्यांच्या रणगर्जनेवरून: 'हाक्का पाल्ले', म्हणजे तुटून पडा! हे बाबांना सांगितलं मात्र, ते खुर्चीत सरसावून बसले. "म्हणजे हर हर महादेवच की! तोच घे." खिळे ठोकलेलाही मिळतो, पण कोरड्या रस्त्यावर पत्र्यावर हरभरे ओतल्यासारखा आवाज करतो.

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा जिन्यात भेटले. "1998 च्या जानेवारीत इथे नव्हतात ना?" हे त्यांचं कायमचं पालुपद. त्या वर्षी पाऊस पडता पडता गोठत होता, विजेचे मनोरे कोसळले, लोक कित्येक दिवस अंधारात होते. त्यात कुठले टायर चालले, हे मी विचारलं. "कुठलेच नाही. चालत गेलो," म्हणाले.

त्यांनी स्वतःचा जुना सेटही देऊ केला. तपासायची इथली रीत झकास आहे: पंचवीस सेंटच्या नाण्यावर कॅरिबू आहे, सांबराचा थंडीतला भाऊबंद. नाणं त्याच्या नाकावर खाचेत उभं करायचं. नाकाचं टोक दिसलं तर टायर गेला. मी वाकून पाहिलं. मला नाक, डोळे आणि मान दिसली.

नोव्हेंबर संपत आला तेव्हा माझ्या यादीत तीन नावं उरली होती आणि दुकानांत त्यातलं एकही उरलं नव्हतं. शेवटी बायकोने फोन लावला. चार मिनिटं.

"मिळाले. तीस तारीख, सकाळी सात."

"कुठले?"

"काळे."

एक्सेलमध्ये ते अकरावे निघाले. पहिला मोठा बर्फ पडला त्या संध्याकाळी मी कोत-दे-नेज उतरत होतो. या रस्त्याचं नावच मुळी 'बर्फाचा चढ'. पुढची बस अचानक थांबली. ब्रेक दाबला, पायाखाली घरघर झाली, गाडी थोडी आडवी गेली आणि बसपासून हातभर अंतरावर निमूट उभी राहिली. मी काचा बंद असताना 'हर हर महादेव' म्हणालो.

उन्हाळ्याचे चार टायर सध्या आमच्या हॉलमध्ये मुक्कामाला आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकोने त्यांची उतरंड रचली, वर आईची जुनी नऊवारी पसरली आणि वाणाचं ताट ठेवलं. फारच शोभून दिसलं. सगळं पार पडत असताना एका वहिनींचे यजमान सहज म्हणाले, "पुढच्या वर्षी आम्हाला टायर घ्यायचेत. तुम्ही कुठले घेतलेत?"

मी लॅपटॉप आणायला उठलो. बायकोने तिळाचा अख्खा लाडू माझ्या तोंडात कोंबला.