मार याडी आयी कोनी

गेल्या आठवड्यात आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत वाचनाच्या निकालाची यादी पडद्यावर दाखवली. आमची शाळा खालून दुसरी. चहाच्या वेळी एक सहकारी म्हणाले, "तांड्यावरची पोरं, मॅडम. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" धीर द्यायलाच म्हणाले ते. पण तेव्हापासून जे डोक्यात घोळतंय ते आज लिहून टाकते. लांबलंय, सवडीनं वाचा.

माझी शाळा जालना-परभणीच्या शिवेवरच्या एका तांड्यावर आहे. पहिली ते चौथी, आम्ही दोघं शिक्षक. पोरं घरी गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, बोलतात. मी लातूरकडची. रुजू झाले तेव्हा वाटलं होतं, त्यात काय एवढं, थोडीफार मराठीसारखीच तर आहे.

ती किती "मराठीसारखी" आहे ते पहिल्याच एप्रिलात कळलं. सकाळची शाळा होती. साखर कारखान्यांचे पट्टे पडत होते, म्हणजे हंगाम संपत होता, रोज एखाददुसरा ट्रॅक्टर तांड्यावर परत येत होता. पहिलीतली एक पोर दाराशी बसून हुंदके देत होती. मी जवळ घेऊन विचारलं, काय झालं गं? ती म्हणाली, "मार याडी आयी कोनी."

मला काय ऐकू आलं? मार. आई. कोणी. झालं, माझा तपास सुरू. कोणी मारलं हिला? दोन वांड पोरं आधीपासून माझ्या डोळ्यांवर होती, त्यांना उभं केलं. ती शपथा घ्यायला लागली, मी आवाज चढवला, पोरगी आणखी भेदरली. शेवटी खिचडी करणाऱ्या मावशी हात पुसत बाहेर आल्या. त्या तांड्यातल्याच. म्हणाल्या, "मारलं नाही ओ मॅडम कोणी. माझी आई आली नाही, म्हणायली ती."

मार म्हणजे माझी. याडी म्हणजे आई. कोनी म्हणजे नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली तिची आई अजून परतली नव्हती, शेजारच्या पोरींच्या आया आल्या होत्या. एवढंच ती सांगत होती, आणि तिच्या भाषेत अगदी नीट सांगत होती. त्या पोरीबद्दल मी माझ्या वर्णनात्मक नोंदींच्या वहीत दोनदा लिहून ठेवलं होतं : "प्रतिसाद देत नाही." प्रतिसाद ती रोज देत होती. मला कळत नव्हता.

मग मावशींकडून शिकायला लागले. 'तार नाम काई छ?' म्हणजे तुझं नाव काय आहे. आपल्याकडे 'छे!' म्हटलं की विषय संपतो, इथं 'छ' म्हणजे आहे. आता विचार करा, सहा वर्षांचं लेकरू वर्गात बसलंय आणि मी विचारतेय, "कोणी अभ्यास केला?" 'कोनी' म्हणजे 'नाही' असंच त्याला जन्मापासून ऐकून माहीत. ते माझ्या तोंडाकडे बघत बसणार नाही तर काय करणार?

जनरल रजिस्टरात मातृभाषेचा रकाना असतो. आमच्या रजिस्टरात वरपासून खालपर्यंत एकच शब्द : मराठी. कोणी लिहिला माहीत नाही, पुढच्यानं मागचं बघून लिहिला असणार. जनगणनेत हीच भाषा हिंदीच्या पोटात मोजतात. म्हणजे शाळेच्या लेखी पोरगी मराठी, देशाच्या लेखी हिंदी, आणि आईला हाक मारते याडी. राज्यघटनेत कलम 350 क आहे, 1956 पासून : भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून. शिक्षण हक्क कायद्यातही आहे, 'शक्य असेल तिथवर' हे शब्द घालून. पण रकान्यात मराठीच लिहिलंय म्हटल्यावर कागदोपत्री तक्रारीला जागाच नाही.

आता मूळ मुद्दा. ही पोरं मागं का पडतात, याच्या कारणांची आम्ही मास्तर लोक यादी करतो. एक, घरची भाषा वेगळी. दोन, गरिबी. तीन, स्थलांतर. अहवालातही असंच लिहितो. मला ही यादीच पटत नाही.

कारण नुसती भाषा वेगळी असून पोरं मागं पडत नाहीत. याच तांड्यातले एक गृहस्थ नोकरीला लागले, जिंतूरला राहतात. त्यांच्या मुलाच्या घरीही गोरबोलीच. पण तो बारा महिने एका शाळेत, घरी टीव्ही, शेजार मराठी, बाप संध्याकाळी वही बघतो. दुसरीपर्यंत तो फडाफडा मराठी बोलायला लागला. उलट, शेजारच्या गावातली मराठी घरातली पोरंही आईबापामागं उसाला जातात. तीही पाच महिने बुडवतात, हाल त्यांचेही होतात. पण परत आल्यावर बाईंचं बोलणं तरी कळतं, जिथं सोडलं तिथून ओढून नेता येतं.

ज्याच्या वाट्याला दोन्ही येतं त्याचं बघा. जूनमध्ये पहिलीत आलेलं लेकरू ऑगस्टपर्यंत गप्प असतं. पोळ्याच्या सुमाराला एखादा शब्द फुटतो. दसऱ्यापर्यंत "पाणी प्यायला जाऊ का" एवढं सरळ म्हणायला लागतं. आता बोलणं सुटणार, अक्षरांना अर्थ येणार, अशा ऐन वेळेला ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रॅक्टर येतो. एप्रिलात परत येतं तेव्हा सगळं पुसलेलं. ओलांडून जायला जे महिने लागतात, नेमके तेच महिने उचलीच्या, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या, पैशाला गहाण पडलेले असतात. पावसाळ्यात खायला आणि दवाखान्याला घेतलेली उचल असते ती. फेडायला नवराबायकोचा एक कोयता कमी पडला तर मोठी पोरगी धाकट्याला सांभाळायला सोबत जाते. ती तिसरीत असली तरी.

"पोरांना मागं ठेवा ना" असं मीही पालकसभेत सांगायचे. कोणाजवळ ठेवणार? आजीजवळ. आजीला दिसत नाही, पाणी हापशावरून आणायचं, शेरडं बघायची, हे मग सात वर्षांच्या पोरीकडे. त्यासाठी हंगामी वसतिगृहं आहेत, चांगली सोय आहे ती. कधी दिवाळीआधी मंजूर होतात, कधी ट्रॅक्टर गेल्यावर.

आणि मोजायचं कशानं? केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाच्या उद्दिष्टात तिसरीच्या मुलानं मिनिटाला निदान 60 शब्द अर्थासह वाचायचे. माझ्या पोरी 'आजोळ' हा शब्द खणखणीत वाचतात. म्हणजे काय विचारलं की गप्प. पण आजीच्या घरी राहून आलेली गोष्ट गोरबोलीत सांगा म्हटलं की थांबत नाहीत.

2025 च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्र पेटला, महिनाअखेर निर्णय मागेही घेतला. बरं झालं, माझाही विरोधच होता. फक्त त्या सगळ्या गदारोळात "लहान मुलांवर परकी भाषा लादू नका" हे वाक्य ऐकताना मला सारखं आमचं ते रजिस्टर दिसत होतं.

पालकांना हे सगळं पटतं असंही नाही. मी गोरबोलीत गोष्ट सांगायला लागले तर एका बापानं सुनावलं, "गोरमाटी तर त्याला येतीच की मॅडम. तुम्ही इंग्रजी शिकवा." चूक नाही त्यांची. मलाही काही चौथीपर्यंत गोरबोलीतली पाठ्यपुस्तकं नकोत. पहिली दोन वर्षं पोराचं बोलणं समजणारं एक माणूस वर्गात हवं. आमच्याकडे ते खिचडी करतं, आणि मानधन खिचडीचंच घेतं. बदलीच्या पोर्टलवर सतरा गोष्टी विचारतात, तुम्हाला कुठली बोली येते हे कुठंच विचारत नाहीत.

ती एप्रिलात रडणारी पोर यंदा तिसरीत आहे. म्हणजे होती. आजी पावसाळ्यात गेली, त्यामुळे दिवाळीनंतर आईबाप तिला घेऊन निघाले. यंदा टोळी कर्नाटकात, बागलकोटकडे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, ते दाखवलं की तिथल्या जवळच्या शाळेत बसता येतं. मी ते भरून आईच्या हातात दिलं. तिनं रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवता ठेवता विचारलं, "कोणाला दाखवायचं?"

म्हटलं, तिथल्या शाळेत, मोठ्या गुरुजींना.

तिला लिहितावाचता येत नाही. कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, "मराठीत हाय ना हे? त्यांना वाचता येईल का?"

मी कार्ड परत घेतलं आणि खाली इंग्रजी आकड्यांत माझा फोन नंबर लिहून दिला. अजून कोणाचा फोन आलेला नाही.