व्होल्टेज 'ऑटो'वर सोडायचं आणि शिव्या प्रोसेसरला द्यायच्या!

पन्नास-साठ हजारांचा मदरबोर्ड घ्यायचा, ओव्हरक्लॉक करायला, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवायला, बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) कोअर रेशो, म्हणजे वेगाचा गुणक, 57 चा 59 करायचा आणि व्होल्टेज खुशाल 'ऑटो'वर ठेवायचं. महिन्याभरात गेम बंद पडायला लागली की "प्रोसेसरच बाद निघाला". अरे भावा, बाद तू केलास त्याला!

'ऑटो' म्हणजे बोर्डाला मोकळं रान. मशीन बंद पडू नये म्हणून तो गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज ओततो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. 1.25 व्होल्टचं 1.40 झालं की त्याच वेगाला 25 टक्के जास्त ताप. वर पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरनं किती वीज ओढायची ती मर्यादा, 4095 वॉट! बाथरूममधला गिझर 2000 वॉटचा असतो. आय9-14900के प्रोसेसरला इंटेलनं टर्बोसाठी (वाढीव वेगासाठी) 253 वॉट सांगितलेत, तेवढेच टाका की.

आणि ते कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एसी दुकानातलं टेस्टिंग! 24 अंशांच्या खोलीत प्रोसेसरचं तापमान 88 आलं म्हणून पास. तेच मशीन मे महिन्यात मंगळवार पेठेत, वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली 38 अंशांत चालणार आहे. खोली 14 अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच चढतो. शंभरला तो स्वतःच वेग पाडतो. मग 59 कुठले आणि 57 कुठले, पैसे पाण्यात!

एलएलसीचा, म्हणजे लोडखाली व्होल्टेज पडू न देणाऱ्या सेटिंगचा, तर नुसता खेळ मांडलाय. लोड आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं, बसू दे. ते बसू नये म्हणून एलएलसी शेवटच्या लेव्हलला नेलं, की लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळतं. सॉफ्टवेअरच्या आकड्यात ते दिसतही नाही. मधली लेव्हल ठेवा.

आधी एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगानं चालवणारी सेटिंग, बंद करा. रेशो हातानं, व्होल्टेज हातानं, 1.25 पासून. नापास झालं तर 0.01 वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि आकडे वहीत लिहा. सगळं पास झालं की मग एक्सएमपी. इतकं सरळ आहे, तरी करायचं नाही!

इंटेलच्या 13व्या-14व्या पिढीचं 2024 मध्ये काय झालं ते सगळ्यांनी वाचलंय. जादा व्होल्टेजनं चिप झिजल्या. ऑगस्टमध्ये आलेला 0एक्स129 मायक्रोकोड (बायॉस अपडेटमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) पुढची झीज रोखायला होता, झालेली भरून काढायला नव्हे. तरी बायॉस जुनाच! गेम शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) बनवताना 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' म्हणून पडते, दोष प्रोसेसरचा, आणि लोक चांगलं ग्राफिक्स कार्ड विकून मोकळे होतात.

दहा मिनिटं सिनेबेंच (प्रोसेसरवर लोड देणारं टेस्ट सॉफ्टवेअर) चाललं म्हणजे स्टेबल नाही. दोन-तीन तास लोड द्या, मग विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर (चुकांची नोंदवही) उघडा. डब्ल्यूएचईए-लॉगर 19 ची, म्हणजे हार्डवेअरची चूक झाल्याची, एक जरी नोंद दिसली तरी तो ओव्हरक्लॉक नापास, गेम कितीही गुळगुळीत चालू दे.