कोल्हापूरचा पाऊस कोल्हापुरात पडत नाही

पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्यानं परवा घरच्या ग्रुपवर एक तक्ता टाकला. शहरं आणि त्यांचा वर्षाचा सरासरी पाऊस. मुंबई 2200 मिलिमीटरच्या वर, पणजी 3000च्या आसपास, चेन्नई 1400, आणि आमचं कोल्हापूर जेमतेम 1000. खाली लिहिलेलं, "मामा, एवढ्याशा पावसात तुम्ही बुडता कसं?"

खोचक होता, पण आकडा खोटा नाही. 1000 मिलिमीटर म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत चाळीस इंच. बेंगळुरूचाही साधारण एवढाच.

पण कोल्हापूरचा पाऊस कोल्हापुरात मोजायचाच नसतो. इथनं पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर गगनबावडा, तिथं वर्षाला 5000च्या पुढं. उलट पूर्वेला शिरोळकडं जावा, आकडा 500-600वर येतो. जिल्हा एकच, पालकमंत्री एकच, आणि पावसात आठ-दहा पटींचा फरक! समुद्रावरनं आलेला ढग सह्याद्री चढतानाच रिता होतो. शिरोळला पोचतो तो नुसता दिसायला काळा.

आणि पुरात गावंच्या गावं उठवायची वेळ येते ती त्याच शिरोळ तालुक्यात. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, दोन्हीकडचं पाणी तिथं तुंबतं. आपल्या शेतात पडलेल्या पावसानं तिथं कुणी बुडत नाही, बुडवतो तो दुसऱ्याच्या डोंगरावरचा पाऊस. (कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद इथं काढू नका, कमेंटा पुरणार नाहीत.)

शहराचंही तेच. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या सगळ्या नद्या घाटमाथ्याकडनं येतात, त्यांचीच पुढं पंचगंगा होते. वर झड लागली, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, की इथं रस्ता कोरडा असतानाही पाणी नदीकडच्या जामदार क्लबपर्यंत येतं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपती हलवायची धांदल उडते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. ऑगस्ट 2019ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद. 2021ला तर त्याहून वर.

आता त्या तक्त्यातल्या चेन्नईकडं बघा. आपल्यापेक्षा 400 मिलिमीटर जास्त. त्याच 2019च्या उन्हाळ्यात तिथले तलाव आटले, जुलैत रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. कारण त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, आणि आदल्या वर्षी त्यानं दगा दिला. म्हणजे 1400वाले तहानलेले, 1000वाले महिनाभरात गळ्याइतक्या पाण्यात. तक्त्यात मात्र दोघं गुमान एकाखाली एक बसलेत.

मला विचाराल तर अशा तक्त्यात प्रत्येक शहरापुढं आणखी एक रकाना हवा, पाणी कुठनं येतं त्याचा. हवं तर त्यासाठी सरासरीचा रकाना काढा.

आमच्या आईला मिलिमीटर कळत नाहीत. ती एवढंच विचारते, "मच्छिंद्री झाली का?" म्हणजे पंचगंगेवरच्या शिवाजी पुलाच्या मच्छिंद्रीला, पुराच्या जुन्या खुणेला, पाणी टेकलं का. माझ्या लेखी त्या तक्त्यापेक्षा हे माप खरं.

हे लिहितोय तेव्हा शहरात छान ऊन पडलंय. गगनबावड्यात कालपासनं उसंत नाही म्हणतात. गाडी वरच्या गल्लीत लावून आलोय.