वाईच्या खोऱ्यातला हिवाळी धूर
लहान गावांतील हिवाळी धुरावरच्या एका लेखात त्याचे खापर प्रामुख्याने वाहनांवर फोडले आहे. परंतु डोंगरांनी वेढलेल्या, कृष्णाकाठच्या वाईसारख्या गावात भूरचनेचा वाटाही मोठा असतो. डिसेंबर-जानेवारीत निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवते, उतारांवरची थंड, जड हवा खोऱ्यात उतरून साचते आणि तिच्यावर उबदार थराचे झाकण बसते. त्यामुळे ऊसतोडीनंतर पेटवलेल्या पाचटाचा आणि पाणी तापवायच्या बंबांचा धूर ऊन चढेपर्यंत नदीच्या घाटावर छपरांच्या उंचीलाच रेंगाळतो. पावसाळ्यात मात्र हीच हवा धुऊन निघते. पाचट शेतातच कुजवावे, हे उत्तम. ते जमत नसेल, तर निदान संध्याकाळी पेटवू नये, कारण तो धूर रात्रभर गावातच कोंडून राहतो आणि दमेकऱ्यांचे फार हाल होतात.