बारा तासांच्या पाळीनंतर आईला उठवायचे कोणी?

सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत आणि दुकाने व खासगी आस्थापनांतील मर्यादा नऊवरून दहा तासांपर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. त्याच आठवड्यात वाळूजच्या एका कारखान्यात यंत्रावर काम करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचा टोकियोला फोन आला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, उलट थोडी उमेद होती. "अक्का, ओटीचे चार पैसे जास्त येतील, पोराच्या लातूरच्या क्लासची फी निघंल," असे तो म्हणाला. जादा कामाची मर्यादा तिमाहीला ११५ तासांवरून १४४ तासांवर जाणार आणि त्यासाठी कामगाराची लेखी संमती लागणार, हे त्याने मला समजावून सांगितले. संमती न देणारा माणूस पुढच्या महिन्यात त्याच ओळीत उभा असेल का, हा माझा प्रश्न त्याला अनाठायी वाटला. मग मी विचारले, "आणि आई?" तो म्हणाला, "आईकडं ही आहे की."

तेव्हापासून हे एक वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही.

"ही" म्हणजे माझी भावजय. ती अंबाजोगाईला आमच्या आईजवळ राहते आणि रोज बसने जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला जाते. आईला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची डावी बाजू गेली. तिथले पहाटेचे साडेचार म्हणजे इथले सकाळचे आठ, त्यामुळे कामावर निघण्यापूर्वी मी फोन लावते आणि भावजय तो खिडकीत टेकवून ठेवते. मला दिसते ते असे : ती आईच्या पाठीखाली उशी सरकवते, स्वतःचा उजवा हात आईच्या काखेतून घालते, गुडघे वाकवते, "हं, आता" म्हणते आणि दोघी एकदमच उठतात. मग न्हाणीघर, कपडे, वेणी, चहात बुडवलेले बिस्किट, औषधाच्या तीन गोळ्या आणि शेजारच्या बाईंच्या हाती किल्ली. सात वाजता ती रस्त्यावर असते. शाळेच्या हजेरीपटात तिचा दिवस त्यानंतर सुरू होतो, आणि कामाच्या तासांवर बोलणारी आपल्याकडची सगळी चर्चा फक्त त्या हजेरीपटावर चालते.

ही चर्चा गेली दोन-तीन वर्षे मी दुरून ऐकते आहे. २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सुचवले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांचे वक्तव्य गाजले. घरी बसून बायकोच्या तोंडाकडे किती वेळ बघणार, असा त्याचा सूर होता. त्या दोहोंच्या मध्ये, २०२४ च्या जुलैमध्ये, पुण्यात नोकरीला लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी दगावली आणि तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल कंपनीला लिहिलेले पत्र देशभर वाचले गेले. तास किती असावेत यावर सर्वांना मत आहे. ते तास ज्याच्याकडून घ्यायचे त्याच्या घरची कामे त्या वेळात कोण करते, हे मात्र कोणी विचारत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात त्याचे उत्तर आहे : बिनमोलाच्या घरकामात बायकांची दिवसाला २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८. आठवड्याचे सत्तर-नव्वद तास किंवा रोजचे बारा तास म्हणणारा प्रत्येकजण ही २८९ मिनिटे गृहीत धरूनच बोलत असतो.

मी चौदा वर्षे जपानमध्ये सॉफ्टवेअर तपासणीचे काम करते. या देशाने हा प्रयोग आपल्या आधी केला आणि त्याची किंमत मोजली, म्हणून मला हे लिहावेसे वाटते. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला इथे 'कारोशी' हा स्वतंत्र शब्द आहे. १९८८ मध्ये वकिलांनी आणि डॉक्टरांनी त्यासाठी मदतीची दूरध्वनी सेवा सुरू केली, २०१४ मध्ये असे मृत्यू रोखण्याचा कायदा झाला आणि २०१८ च्या कायद्याने जादा कामावर पहिल्यांदा शिक्षेसह मर्यादा आली : महिन्याला ४५ तास, वर्षाला ३६०, आणि अगदी विशेष परिस्थितीतही एका महिन्यात शंभराच्या आत. एवढे होण्यासाठी कित्येक विधवांना आणि आईवडिलांना वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. तरीही गाडी मागे येऊ शकते. ऑक्टोबर २०२५ मध्ये ताकाइची सानाए या जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. त्याआधी पक्षाध्यक्षपदी निवड झाली त्या दिवशीच त्यांनी आपण काम आणि घर यांच्यातला समतोल हा शब्दच टाकून देऊ आणि काम, काम, कामच करू असे सांगितले. माझ्या कार्यालयातल्या बायका एका बाईला त्या खुर्चीत पाहून सुखावल्या होत्या आणि त्या वाक्याने तितक्याच खिन्न झाल्या. खुर्चीत बाई बसली म्हणून कामाची रीत आपोआप बदलत नाही, हे त्या दिवशी आम्ही सगळ्याजणींनी जेवणाच्या सुट्टीत गप्प बसून मान्य केले.

पण जपानकडून शिकायची खरी गोष्ट म्हाताऱ्यांची आहे. इथे रात्री अकरापर्यंत कार्यालयात बसणारा माणूस शक्य झाला, कारण घरी त्याची बायको होती. आणि त्याचे आईवडील थकले तेव्हा त्यांचीही सेवा तिच्याच वाट्याला आली. 'योमे' म्हणजे सून. माझ्या निवृत्त होत आलेल्या एका सहकारी बाईंच्या आईने सासूची अकरा वर्षे सेवा केली, तीही सासूने तिला एकदाही नावाने हाक न मारता. पूर्वी काही गावांत अशा सुनांचा 'आदर्श सून' म्हणून सत्कार होत असे, मानपत्र दिले जाई. आपल्याकडे मानपत्र देत नाहीत, "गुणाची सून हो" म्हणतात, आणि तेवढ्यावर वीस वर्षे जातात.

या सत्काराला जपानी बायकांनीच नकार दिला. हिगुची केइको यांनी १९८३ मध्ये म्हाताऱ्यांचा समाज चांगला घडवण्यासाठी बायकांची संघटना उभी केली आणि त्या सगळ्याजणी वर्षानुवर्षे एकच गोष्ट सांगत राहिल्या : आमची स्तुती करू नका, हे काम आहे असे माना आणि ते समाजाने उचलावे. एप्रिल २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषा विमा सुरू झाला. चाळीशी ओलांडलेला प्रत्येकजण त्यात हप्ता भरतो, साधारण निम्मा पैसा करांतून येतो, गरजूची तपासणी होऊन मदतीची पातळी ठरते आणि बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्साच द्यावा लागतो. माझ्या इमारतीत खालच्या मजल्यावर ऐंशी ओलांडलेल्या एक आजी एकट्या राहतात. आठवड्यातून तीन दिवस सकाळी नऊला पांढरी गाडी येते, चालक उतरून त्यांना नावाने हाक मारतो, गाडीच्या मागची फळी जमिनीला टेकते आणि चाकाची खुर्ची वर चढते. दिवसभर अंघोळ, जेवण, व्यायाम, गाणी. चारला आजी परत. त्यांची सून ओसाकात नोकरी करते आणि दर रविवारी फोन करते. ती वाईट सून आहे असे या इमारतीत कोणी म्हणत नाही.

मी जपानला देव्हाऱ्यात बसवत नाही. दर शंभर माणसांत २९ जण पासष्टीच्या पुढचे असलेल्या या देशातही दरवर्षी लाखभर माणसे आईवडिलांच्या किंवा जोडीदाराच्या सेवेसाठी नोकरी सोडतात आणि त्यांत बायकाच जास्त असतात. सहा वर्षांखालचे मूल असलेल्या घरांत बायकोची घरातली कामे दिवसाला साडेसात तासांच्या आसपास आणि नवऱ्याची दोन तासांच्याही आत, असे २०२१ च्या पाहणीत दिसले. शुश्रूषेच्या कामाला पगार कमी म्हणून माणसे मिळत नाहीत. मात्र आईच्या सेवेसाठी प्रत्येक नातलगामागे ९३ दिवसांची रजा, तीन टप्प्यांत आणि पगाराच्या ६७ टक्के भरपाईसह, पुरुषालाही मिळते. आमच्या विभागप्रमुखांनी गेल्या वर्षी ती घेतली. परत आले तेव्हा खुर्चीत बसण्यापूर्वी त्यांनी सर्वांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले की आपल्या बहिणीने सहा वर्षे काय केले ते आता कळले.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. वृद्धांना दरमहा अर्थसहाय्य देणाऱ्या राज्याच्या योजनेचे नाव 'श्रावणबाळ' आहे. कावड खांद्यावर घेणारा मुलगा आपल्या मनात इतका पक्का बसला आहे की कावड प्रत्यक्षात कोणाच्या खांद्यावर आहे हे पाहण्याची गरज योजना आखणाऱ्यांनाही वाटली नाही. महिना १५०० रुपये, तेही वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असेल तर. 'लाडकी बहीण'चे १५०० रुपये २१ ते ६५ या वयातल्या बायकांना मिळतात. पासष्टीनंतर, म्हणजे हात खऱ्या अर्थाने थकतात तेव्हा, ते थांबतात. आमची आई केज तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका होती. एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून चालते. तिच्यात आईने उमेदीची सगळी वर्षे दुसऱ्यांची लेकरे वजनकाट्यावर ठेवण्यात, खिचडी शिजवण्यात आणि रजिस्टरे भरण्यात घालवली. तो पगार नव्हे, मानधन. पासष्टीला एकरकमी एक लाख रुपये मिळाले, निवृत्तिवेतन नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) हक्क आहे असे सांगितले, तोवर ती घरी बसली होती. राज्यासाठी आयुष्यभर सांभाळण्याचेच काम केलेल्या बाईला सांभाळायला आज राज्याकडे कोणी नाही. तिच्याकडे "ही" आहे.

आणि आम्ही तरी बरे. आमच्याकडे एक नोकरी आहे, पक्के घर आहे. बीड, धारूर, वडवणी, केज या पट्ट्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात तेव्हा गावात म्हातारी माणसे आणि लहान लेकरे उरतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई पहाटे उठून भाकरी थापते, मग फडात ऊस छाटते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन गाडीवर चढवते. पण हिशेबात ती अर्धा कोयता असते, स्वतंत्र माणूस नसते. एक दिवस पडला तर खाडा. पाळीचे दिवस आणि अंगावरची दुखणी काढत काढत गर्भाशयच काढून टाकण्याची वेळ किती बायकांवर आली हे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ मध्ये दाखवून दिले : बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ती शस्त्रक्रिया झालेली होती. अतिश्रम, बाईपण आणि अकाली म्हातारपण हे तीन वेगळे विषय आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी चाळिशीतल्या त्या बाईला जिना चढताना पाहावे. २०२४ च्या सुरुवातीला तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, ते योग्यच झाले. दर टनाला वाढला, बाईच्या नावावर मात्र काही आले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की कामाचे तास वाढवायचा निर्णय आणि म्हाताऱ्यांच्या सेवेचा निर्णय एकाच बैठकीत, एकाच कागदावर व्हायला हवा. भावाला बारा तास द्यायचे असतील तर अंबाजोगाई, केज, परळी, गेवराई अशा तालुक्याच्या गावी म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारे एक केंद्र आणि तिथवर नेणारी एक गाडी आधी हवी. अंगणवाडी आपण गावोगाव पोहोचवली, तेव्हा हे अशक्य आहे असे मला कोणी सांगू नये. फक्त तिथे काम करणाऱ्या बाईला मानधन नको, पगार आणि निवृत्तिवेतन हवे, नाहीतर आणखी वीस वर्षांनी तिच्या म्हातारपणाचा लेख दुसरे कोणीतरी लिहील. शासकीय नोकरीतल्या बायकांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. तशीच आईवडिलांसाठी रजा असावी, ती मुलगा आणि मुलगी दोघांनाही असावी, आणि कारखान्यातही असावी. कोयत्याचा हिशेब दोन नावांनी लिहावा. "आपल्या संस्कृतीत म्हाताऱ्यांना केंद्रात ठेवत नाहीत" असे मला गावाकडून नेहमी ऐकवले जाते. हे सांगणाऱ्यांपैकी कोणी आजवर पहाटे साडेचारला आईला उठवलेले मी पाहिलेले नाही. आणि मीही उठवत नाही. मी पैसे पाठवते. परदेशात राहणाऱ्या मुलीचे पैसे आईच्या काखेतून हात घालू शकत नाहीत, हे मला रोज सकाळी आठला दिसते.

दिवाळीत भावजयीच्या पाठीत उसण भरली आणि डॉक्टरांनी तिला आठ दिवस वाकायला बंदी केली. भावाने बिनपगारी रजा घेतली. पहिल्या दिवशी आई त्याच्या हातून अंघोळ करायला लाजली आणि रडली; तिसऱ्या दिवशी त्याला उशी कुठे सरकवायची ते जमले. चौथ्या दिवशी तिथले अकरा वाजले असताना त्याचा फोन आला. आईचे कपडे वाळत घालताना तो बोलत होता. "अक्का, माझा अजून चहा व्हायचाय," तो म्हणाला, आणि बराच वेळ गप्प राहून त्याने विचारले, "ही रोज सातची बस कशी धरती?"