वचनामागे सैन्य उभं आहे का, हे पाहा

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: सामूहिक सुरक्षा, म्हणजे एकावरचा हल्ला सगळ्यांनी मिळून परतवायचा हे वचन, हा लोकशाही देशांनी एकमेकांना दिलेला कागदी दिलासा आहे, वेळ आली की कोणी कोणासाठी रक्त सांडत नाही. दाखला म्हणून तुम्ही अ‍ॅबिसिनिया (आजचा इथिओपिया) आणि युक्रेन ही नावं घेतलीत. दाखले चोख आहेत, पण त्यांतून मला नेमकं उलटं दिसतं.

ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने अ‍ॅबिसिनियावर हल्ला केला. राष्ट्रसंघाने (आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना) इटलीवर निर्बंध लादले आणि त्यातून तेल वगळलं. ज्या तेलावर इटलीचा हुकूमशहा मुसोलिनीची अख्खी मोहीम चालली होती, तेच! सुएझ कालव्यावर ब्रिटनचा ताबा होता, तरी इटलीची सैन्य नेणारी जहाजं त्यातून बिनदिक्कत जात राहिली. मे १९३६ मध्ये राजधानी अदिस अबाबा पडलं. सामूहिक सुरक्षा तिथे वापरून फसली असं मी म्हणणार नाही. ती वापरायची कोणाची तयारीच नव्हती. युक्रेनला १९९४ साली बुडापेस्टमध्ये अण्वस्त्रं सोडण्याच्या बदल्यात आश्वासनं मिळाली, संरक्षणाची हमी मिळालीच नाही. २००८ मध्ये नाटो या अमेरिका-युरोपच्या लष्करी आघाडीने ‘तुम्ही एक दिवस सदस्य व्हाल’ असं सांगितलं, तारीख मात्र दिली नाही.

तुमचा सर्वांत वजनदार मुद्दा नाटोच्या कलम ५ बद्दलचा आहे, म्हणजे एका सदस्यावरचा हल्ला सगळ्यांवरचा मानणाऱ्या कलमाबद्दलचा. ते कोणालाही आपोआप युद्धात ओढत नाही, प्रत्येक देशाने ‘आवश्यक वाटेल ती’ कृती करायची आहे, हे खरंच. म्हणून तर रशियाला लागून असलेल्या, नाटोचा सदस्य असलेल्या एस्टोनियाकडे बघा. २०१७ पासून तिथे तापा इथल्या तळावर ब्रिटनच्या नेतृत्वाखाली नाटोची तुकडी आहे. उद्या रशियाने चाल केली, तर ही तुकडी पहिल्या दिवसापासून लढाईत असेल. मग ‘एस्टोनियासाठी मरायचं का’ हा वाद लंडनमध्ये निवांत घालता येणार नाही. कलमातली पळवाट या तैनातीमुळे अरुंद होते, आणि हे हल्लेखोरालाही आधीच कळतं.

सरकार बदललं की शब्द फिरतो, असंही तुम्ही लिहिलंत. ही भीती मलाही आहे. पण लोकशाहीत असा शब्द एकट्या नेत्याचा नसतो. फिनलंडच्या संसदेने मार्च २०२३ मध्ये नाटो प्रवेशाला १८४ विरुद्ध ७ मतांनी मंजुरी दिली. अमेरिकी काँग्रेसने त्याच वर्षअखेरीस कायदा करून, राष्ट्राध्यक्षाला एकट्याच्या मर्जीने नाटो सोडता येऊ नये अशी तरतूद केली. हे अडसर अभेद्य नाहीत, पण शब्द फिरवणाऱ्याला ते उघडपणे, सगळ्यांदेखत ओलांडावे लागतात.

आपापलं सैन्य मजबूत हवं, यावर आपलं दुमत नाही. फिनलंडने नाटोत जाऊनही सक्तीची लष्करी सेवा चालू ठेवली आहे. पण तेरा-चौदा लाख वस्तीच्या एस्टोनियाने एकट्याने किती सैन्य उभारलं म्हणजे रशिया थबकेल, याचं उत्तर तुमच्या प्रतिक्रियेत मला सापडलं नाही. ते तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा.